रासायनिक नामांचा अक्षरविभाग आणि उच्चार : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

रुग्णाच्या मूत्रातील युरोबिलिनोजेन तपासण्यासाठी 'एर्लिखचे अभिकारक' दीर्घकाळ वापरले जात आले आहे. त्यातील मुख्य द्रव्याचे नाव 'पॅराडायमिथाइलअमिनोबेन्झाल्डिहाइड' असे आहे. हे नाव बाटलीवर प्रथम वाचणारा विद्यार्थी बहुधा मध्येच अडखळतो. नावाची लांबी हे त्याचे एक कारण असले, तरी खरे कारण वेगळे आहे. नाव कोठे तोडावयाचे हे त्याला ठाऊक नसते. जीभ ज्या ठिकाणी थांबू पाहते तेथे अर्थ संपलेला नसतो, आणि अर्थ जेथे संपतो तेथे जिभेला थांबावेसे वाटत नाही.

प्रस्तुत लेखात 'अक्षर' हा शब्द एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या अवयवासाठी आणि 'पद' हा शब्द नावातील अर्थपूर्ण घटकासाठी योजिला आहे. भारतीय परंपरेस हा भेद नवा नाही. ऋग्वेदाच्या संहितापाठात संधीने एकजीव झालेले शब्द शाकल्याने पदपाठात वेगळे करून ठेवले, ते अर्थ आणि उच्चार या दोहोंच्या रक्षणासाठी. युरोपीय रसायनशास्त्रज्ञांना मात्र नावांची पदफोड आणि त्यांचा उच्चार यांचा विचार गेल्या सुमारे सव्वादोनशे वर्षांत टप्प्याटप्प्याने, आणि बऱ्याचदा आपसांत वाद घालीत, करावा लागला. त्या वाटचालीचा आणि तिचे ओझे देवनागरी लिपीवर कसे येऊन पडले याचा येथे परामर्श घेतला आहे.

नाव विग्रह करण्याजोगे झाले

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पदार्थांची नावे रूप, रंग, स्थान किंवा उपयोग यांवरून पडलेली होती. युरोपात 'व्हिट्रिऑलचे तेल', 'अँटिमनीचे लोणी', 'जस्ताची फुले' अशी नावे चालत. आपल्याकडील मोरचूद, हिराकस, नवसागर, टाकणखार, सोरा ही नावेही त्याच जातीची होत. या नावांचा उच्चार सोपा असतो आणि ती बाजारात टिकून राहतात. मात्र मोरचुदात तांबे आहे किंवा हिराकशीत लोह आहे, हे नावावरून कळण्याचा मार्ग नसतो.

ही स्थिती पालटण्याचा पहिला आराखडा गितों द मोर्व्हो याने १७८२ मध्ये मांडला. पुढे लाव्हाझिए, बर्तोले आणि फुर्क्रुआ यांच्यासह त्याने १७८७ मध्ये पॅरिस येथे रासायनिक नामकरणपद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील मूळ कल्पना अशी की, संयुगाचे नाव त्याच्या घटकांच्या नावांपासून बनावे आणि घटकांच्या प्रमाणातील फरक नावाच्या शेपटीत दिसावा. गंधकापासून बनलेल्या दोन आम्लांत ऑक्सिजन जास्त असलेल्या आम्लास एक प्रत्यय आणि कमी असलेल्यास दुसरा प्रत्यय मिळाला. त्या आम्लांच्या क्षारांनाही त्यांस अनुसरून वेगवेगळे प्रत्यय लाभले. आजचे सल्फेट आणि सल्फाइट, नायट्रेट आणि नायट्राइट हे त्याच व्यवस्थेचे वंशज होत. येथून पुढे रासायनिक नाव ही केवळ खूण न राहता विग्रह करता येण्याजोगा समास झाला.

या व्यवस्थेत एक धोका मात्र आरंभापासूनच होता. सगळा अर्थ शेवटच्या एका अक्षरावर टांगलेला, आणि बोलण्यात नेमके शेवटचे अक्षरच सर्वांत दुबळे असते. 'क्लोराइड', 'क्लोराइट' आणि 'क्लोरेट' हे तीन भिन्न गुणधर्मांचे पदार्थ आहेत. कागदावर ते स्पष्ट वेगळे दिसतात. व्याख्यानाच्या दालनात शेवटच्या बाकावर बसणाऱ्याला त्यांतील पहिले दोन वेगळे ऐकू येतीलच याची शाश्वती नसते. शंभर वर्षांनी अमेरिकेत नेमलेल्या एका समितीला याच प्रश्नाशी झुंजावे लागले.

पदांचा अर्थही सर्वत्र निर्दोष नव्हता. 'ऑक्सिजन' याचा ग्रीक धातूंनुसार अर्थ 'आम्ल उत्पन्न करणारा' असा होतो. सर्व आम्लांत हा वायू असतो या लाव्हाझिएच्या समजुतीतून हे नाव आले. हम्फ्री डेव्ही याने १८१० मध्ये क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे प्रतिपादन केल्यावर ती समजूत ढासळली, नाव मात्र राहिले. जर्मन भाषेने त्याचे शब्दशः भाषांतर केले, बंगालीने 'अम्लजान' केले आणि चूकही त्याबरोबर भाषांतरित झाली. मराठीतील 'प्राणवायू' या दोषातून सुटला, कारण तो शब्द विग्रहातून आलेला नसून अनुभवातून आलेला आहे.

लाकूड, मध आणि लोबान

सेंद्रिय रसायनशास्त्राचा उदय झाल्यावर पदांची संख्या झपाट्याने वाढली. लीबिग आणि व्होलर यांनी १८३२ मध्ये कडू बदामाच्या तेलावरील अभ्यासातून 'बेन्झॉइल' या गटाची कल्पना मांडली. त्यातील शेवटचा 'इल' हा ग्रीक 'हुले' म्हणजे लाकूड, आणि त्यावरून सामान्यतः द्रव्य, या शब्दाचा अवशेष होय. पुढे द्युमा आणि पेलिगो यांनी लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या मद्यसदृश द्रव्यासाठी 'मेथिलीन' हे नाव घडविले. त्यात 'मेथु' म्हणजे मद्य आणि 'हुले' म्हणजे लाकूड असे दोन शब्द आहेत. या ग्रीक 'मेथु'चा संस्कृत 'मधु' शी सख्खा भाषिक संबंध आहे. (मराठीतील मेथीशी मात्र त्याचा काही संबंध नाही.)

या नावातून पुढे 'मिथाइल' निघाले, 'मिथाइल' मधून 'मिथ' एवढेच पद उरले आणि त्याचा अर्थ 'एक कार्बन अणू' असा ठरला. 'इथ' हे ईथरवरून आले, 'प्रोप' हे 'पहिली चरबी' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून बनलेल्या आम्लनामावरून, तर 'ब्यूट' हे लोण्याच्या लॅटिन नावावरून. मद्य, ईथर, चरबी आणि लोणी ही चार पदे अशा रीतीने एक ते चार या संख्यांची वाचक बनली. व्युत्पत्ती विसरली गेल्यावाचून ते घडले नसते. पद जितके जुन्या अर्थापासून तुटते तितके ते पारिभाषिक कामास अधिक योग्य ठरते, हे येथे दिसून येते.

प्रारंभी दिलेल्या लांबलचक नावाकडे आता पुन्हा पाहता येईल. त्याची पदे अशी पडतात : पॅरा, डाय, मिथाइल, अमिनो, बेन्झ, ॲल्डिहाइड. 'अमिनो'चे मूळ अमोनियात, अमोनियाचे नवसागराच्या लॅटिन नावात आणि त्या नावाचे मूळ इजिप्तच्या आमोन देवतेत शोधले जाते. लिबियाच्या वाळवंटातील आमोनच्या मंदिराशी तो क्षार जोडला गेला होता. 'बेन्झ' ची कथा त्याहून सरस आहे. अरब व्यापारी एका सुगंधी डिंकाला 'लुबान जावी' म्हणजे जावेचा ऊद म्हणत. युरोपीय भाषांत त्यातील 'लु' हे उपपद समजून गळाले आणि 'बेन्झॉइन' शिल्लक राहिले. त्यापासून बेन्झॉइक आम्ल आणि पुढे 'बेंझीन' निघाले. चुकीच्या ठिकाणी शब्द तोडल्याने जन्मलेले हे पद आज सेंद्रिय रसायनशास्त्राच्या केंद्रस्थानी आहे. महाराष्ट्रात धूप घालताना ज्याला लोबान म्हणतात तो शब्दही त्याच 'लुबान'चा भाऊ. 'ॲल्डिहाइड' हे तर लीबिगच्या काळातील संक्षेपाचे अपत्य : 'हायड्रोजन काढून घेतलेले अल्कोहोल' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दसमूहातील 'अल्' आणि 'डिहिड्' हे तुकडे जोडून ते बनले.

हेच नाव तोंडाने म्हटले तर मात्र तुकडे निराळे पडतात. इंग्रजीत त्याची बारा अक्षरे होतात आणि आघात दर तिसऱ्या अक्षरावर येतो : 'पॅ-रा-डाय, मे-थिल-अ, मी-नो-बेन्, झाल्-डि-हाइड'. विज्ञानलेखक आयझॅक असिमॉव्ह यांनी १९६३ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात हे नाव एका आयरिश नृत्यगीताच्या चालीवर बरोबर बसते, अशी गंमत नोंदविली आहे. मराठी वाचकास त्यात भगणाची चार आवर्तने ऐकू येतील. येथे गुरु-लघूंऐवजी आघात आहे एवढाच फरक. परंतु या सुरेल विभागणीत 'अमिनो'चा पहिला स्वर मागच्या गणात ओढला जातो, आणि 'बेन्झ' मधील व्यंजन 'ॲल्डिहाइड' च्या गळ्यात पडते. नाव म्हणण्यास सोपे होते, पण ऐकणाऱ्यास रचना कळत नाही. अक्षर आणि पद यांतील हा विरोध कोणत्याही समितीने कायमचा सोडविलेला नाही.

उच्चारासाठी नेमलेली समिती

उच्चाराचा प्रश्न प्रथम हाती घेतला तो अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स या संस्थेने. रासायनिक संज्ञांचे लेखन आणि उच्चार एकरूप करण्यासाठी तिने १८८७ मध्ये एक समिती नेमली. नॉर्टन, हार्ट, बोल्टन आणि हाऊ हे तिचे सदस्य होते. चार वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर १८९१ मध्ये तिच्या शिफारशी स्वीकारल्या गेल्या.

समितीची तत्त्वे आजही वाचण्याजोगी आहेत. उच्चार शक्यतो इंग्रजीच्या प्रकृतीस धरून असावा. साधित शब्दांत मूळ शब्दाचा उच्चार व आघात जपला जावा. खऱ्या रासायनिक समासात प्रत्येक घटकाचा उच्चार व आघात स्वतंत्र राहावा. भिन्न प्रकारच्या संयुगांना सारखे ऐकू येणारे प्रत्यय टाळावेत. अनेकाक्षरी शब्दात आघात सामान्यतः शेवटून तिसऱ्या अक्षरावर असावा, आणि उपान्त्य स्वरापुढे दोन व्यंजने असल्यास अथवा शब्द 'इक' ने संपत असल्यास तो उपान्त्य अक्षरावर यावा. यांतील तिसरे तत्त्व म्हणजे पदपाठाचा आग्रह आणि शेवटचा नियम म्हणजे अक्षरांची गणना. दोन्ही एकाच अहवालात शेजारी शेजारी नांदतात.

चौथ्या तत्त्वानुसार समितीने 'ऑक्साइड', 'क्लोराइड' यांचा उच्चार 'ऑक्सिड', 'क्लोरिड' असा ठरविला आणि लेखनातून अखेरचा मूक स्वर काढून टाकला. हेतू उघड होता : 'आइड' आणि 'आइट' यांचा घोटाळा होऊ नये. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांचेही ऱ्हस्व इकाराचे उच्चार सुचविले गेले. यांपैकी 'सल्फर' चे साधे लेखन अमेरिकेत रूढ झाले, आणि आंतरराष्ट्रीय संघटनेनेही १९९० मध्ये ते स्वीकारले. 'ऑक्सिड' मात्र काही दशके काही नियतकालिकांत दिसून मागे पडले. तर्काच्या बाजूने पाहता समितीचे म्हणणे बिनतोड होते, तरीही वर्गावर्गांतून शिक्षकांच्या जिभेवर बसलेला उच्चार ठरावाने बदलला नाही. गंमत अशी की जर्मन भाषेत आज 'ऑक्सिड' हेच रूप प्रमाण आहे.

ॲल्युमिनियमचा इतिहासही असाच आहे. डेव्हीने प्रथम 'ॲल्युमियम', मग १८१२ मध्ये 'ॲल्युमिनम' हे रूप वापरले. त्याच वर्षी एका ब्रिटिश नियतकालिकाने, कानास अधिक अभिजात वाटते म्हणून, 'ॲल्युमिनियम' सुचविले. अमेरिकन केमिकल सोसायटीने १९२५ मध्ये पहिल्यापैकी लहान रूप अधिकृत केले. आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९० मध्ये लांब रूप प्रमाण मानले आणि १९९३ मध्ये लहान रूपालाही मुभा दिली. म्हणजे एका अक्षराचा तंटा पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालला. महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांनी या वादात न पडता त्या भांड्यांना सरळ 'जर्मन'ची भांडी म्हटले.

स्वरांवर उभी व्यवस्था

जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमान याने १८६६ च्या सुमारास हायड्रोकार्बनांच्या नावांसाठी एक चतुर योजना सुचविली. हायड्रोजन जसजसा कमी होईल तसतसा प्रत्ययातील स्वर 'ए, ई, आय, ओ, यू' या रोमन क्रमाने बदलत जावा. यातील पहिल्या तीन स्वरांचे प्रत्यय १८९२ च्या जिनिव्हा परिषदेने उचलले. नऊ देशांतील चौतीस रसायनशास्त्रज्ञांची ही परिषद फ्रीडेल यांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. तिने सेंद्रिय नामकरणाचा पाया घातला.

ही व्यवस्था डोळ्यांसाठी उत्तम होती. कानांसाठी मात्र ती प्रत्येक देशात निराळी ठरली. एकेरी, दुहेरी आणि तिहेरी बंधाच्या दोन कार्बनी संयुगांना इंग्रजीत अनुक्रमे 'इथेन', 'इथीन' आणि 'इथाइन' म्हणतात. जर्मनमध्ये तीच नावे 'एटान', 'एटेन' आणि 'एटीन' अशी उच्चारली जातात. परिणामी शेवटी ऐकू येणारा 'ईन' हा ध्वनी इंग्रजी कानास दुहेरी बंध सांगतो, तर जर्मन कानास तिहेरी. 'एन' हा ध्वनी एकीकडे एकेरी बंधाचा, दुसरीकडे दुहेरी बंधाचा. एकच नाव लिहून दाखविल्यास वाद मिटतो, दूरध्वनीवर सांगितल्यास उभा राहतो. लिएज येथील १९३० च्या नियमांनी तिहेरी बंधाच्या प्रत्ययाचे रोमन लेखन बदलले, तेही मुख्यतः अमाइन आणि अल्कलॉइड यांच्या नावांशी होणारी गल्लत टाळण्यासाठी.

आंतरराष्ट्रीय शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्र संघटना १९१९ मध्ये स्थापन झाली. तिने उच्चार ठरविण्याचे सामान्यतः टाळले, आणि भाषाभाषांतील उपरोक्त तफावत पाहता ते शहाणपणाचेच होते. याला एक ठळक अपवाद आहे. नव्या मूलद्रव्यांना कायमचे नाव मिळेपर्यंत अणुक्रमांकाच्या अंकांवरून तात्पुरती नावे देण्याची पद्धत १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. 'शून्य' साठी 'निल', 'एक' साठी 'ऊन', 'दोन' साठी 'बाय' अशी ती पदे होत. त्या शिफारशींत स्पष्ट म्हटले आहे की, प्रत्येक पदाचा उच्चार स्वतंत्र करावा आणि 'एक' दर्शविणाऱ्या पदातील उकार दीर्घ, इंग्रजीतील चंद्रवाचक शब्दाशी यमक जुळेल असा, असावा. म्हणून ११७ क्रमांकाच्या मूलद्रव्याचे २०१६ पर्यंतचे तात्पुरते नाव नियमाने 'ऊन-ऊन-सेप्टियम' होते. मराठी पुस्तकांत 'अनअनसेप्टियम' छापले जाई, ते नियमाला सोडून होते.

संधी करावी की न करावी

पदे जोडताना दोन स्वर शेजारी आले तर काय करावे, हा प्रश्न संस्कृत व्याकरणाने संधीच्या नियमांनी सोडविला. रसायनशास्त्रात तो दीर्घकाळ लेखकाच्या मर्जीवर राहिला. 'पेंटा' आणि 'ऑक्साइड' मिळून 'पेंटॉक्साइड' लिहिण्याची रीत जुनी आहे. संघटनेच्या २००५ च्या अकार्बनी नामकरणविषयक शिफारशींनी संख्यावाचक पदाचा अंत्य स्वर गाळू नये असे ठरविले, म्हणजे 'पेंटाऑक्साइड'. 'मोनॉक्साइड' एवढा रूढ शब्द अपवाद म्हणून राखला. सेंद्रिय नामांत याच्या उलट, 'प्रोपेन' चा अंत्य रोमन स्वर 'ऑल' हा प्रत्यय लागताना गळतो आणि 'डायऑल' लागताना राहतो. नियम ध्वनीसाठी आहे, परंतु त्याचा लाभ अर्थासही होतो, कारण जोड कोठे आहे हे दिसत राहते.

जोड न दिसल्यास काय होते याचे उत्तम उदाहरण 'ट्रायडेसिल' हे आहे. 'ट्राय + डेसिल' असे तोडल्यास दहा कार्बनांचे तीन गट होतात, आणि अखंड ठेवल्यास तेरा कार्बनांचा एक गट. लेखनात आणि उच्चारात दोन्ही तंतोतंत सारखेच. म्हणून पहिल्या अर्थी 'ट्रिस' हे निराळे संख्यावाचक पद वापरून पुढील भाग कंसात ठेवण्याचा नियम झाला. एकाच शब्दाचे दोन विग्रह होऊ नयेत यासाठी उपसर्गच बदलण्याची ही युक्ती व्याकरणाच्या अभ्यासकांनाही विचारात घेण्याजोगी वाटेल.

रासायनिक नाव हे भाषेच्या नियमांनी चालणारे वाक्य आहे, हे शास्त्रीय पातळीवर दाखविण्याचे श्रेय यूजीन गारफिल्ड यांना जाते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९६१ मध्ये त्यांना संरचनात्मक भाषाविज्ञानात डॉक्टरेट दिली. त्यांच्या प्रबंधाचा विषय रासायनिक नामांचे रेणुसूत्रांत रूपांतर करणारी गणनरीती हा होता. नावाचे लघुतम सार्थ घटक वेगळे करावेत, प्रत्येकाचे मूल्य कोशातून घ्यावे आणि बेरीज करावी, ही त्यांची रीत. संगणकाला अक्षरांचे सोयरसुतक नसते, त्याला पदे लागतात. उलट मनुष्य अक्षरांवाचून नाव उच्चारू शकत नाही. प्रथिनांच्या संपूर्ण नावांत तर उच्चार हा हेतूच संपतो. तंबाखूवरील मोझेक विषाणूच्या आवरणप्रथिनातील १५८ अमिनो आम्ले क्रमाने लिहून बनविलेले नाव ही केवळ यादी आहे, तिला नाव म्हणणे हा उपचार.

देवनागरीत आलेली नावे

मराठीत रसायनशास्त्रावरील ग्रंथलेखन एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक हे त्या पिढीतील अग्रणी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी शास्त्रीय लेखनात मूलद्रव्यांना नत्र, कर्ब, स्फुर, पालाश, सिंधु, उज्ज अशी दोन-तीन अक्षरी नावे दिली गेली. नत्र, स्फुर आणि पालाश ही आजही जिवंत आहेत. खतांच्या शिफारशी वाचणारा शेतकरी त्यांचा रोज वापर करतो आणि माती परीक्षणाच्या अहवालात 'सेंद्रिय कर्ब' असतोच. त्याच शेतकऱ्याचा मुलगा शाळेत नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियम शिकतो. एका घरात दोन परिभाषा नांदतात आणि त्यांची भेट क्वचितच घडवून आणली जाते.

डॉ. रघुवीर यांनी याहून व्यापक प्रयत्न केला. ऑक्सिजनला जारक, नायट्रोजनला भूयाति, कार्बनला प्रांगार अशी नावे देऊन त्यांनी संस्कृत उपसर्ग-प्रत्ययांनी संपूर्ण नामव्यवस्था रचली. तिच्यातील पदफोड स्वच्छ होती, संधी नियमबद्ध होता आणि उच्चार भारतीय जिभेस परका नव्हता. परंतु लक्षावधी संयुगांचे वाङ्मय ज्या नावांनी लिहिले गेले होते त्यांच्याशी तिचा दुवा तुटत होता. ती चालली नाही, याचे कारण केवळ संस्कृतप्रचुरतेत शोधणे अन्यायाचे होईल. कोणतीही स्वतंत्र व्यवस्था या अडचणीत सापडली असती.

भारत सरकारने १९६१ मध्ये स्थापन केलेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्ये व संयुगे यांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. लिप्यंतर इतके जटिल नसावे की देवनागरीत नवी चिन्हे आणावी लागतील, आणि ते प्रमाण इंग्रजी उच्चाराच्या, भारतातील सुशिक्षितांत रूढ असलेल्या फेरफारांसह, शक्य तितके जवळ असावे, असे आयोगाने म्हटले. नावाचा प्रश्न अशा रीतीने उच्चाराचा प्रश्न झाला.

कोणता उच्चार, हा पुढचा प्रश्न. ब्रिटिश वक्ता 'मीथाइल', 'ईथाइल' म्हणतो, तर अमेरिकन 'मेथिल', 'एथिल'. मराठी पुस्तकांत मिथाइल, मिथिल आणि मेथिल ही तिन्ही रूपे आढळतात. त्यांत लेखकाचे अज्ञान नसून दोन परंपरांची छाया आहे. रोमन वर्णांना चिकटून लिहिल्यास आणखी घोटाळा होतो. 'इथीन' चे रोमन लेखन वर्णशः देवनागरीत आणले तर 'एथेन' मिळते, आणि ते 'इथेन' या दुसऱ्याच पदार्थाच्या शेजारी जाऊन बसते. उच्चारानुसारी लिप्यंतराचे तत्त्व येथे निर्विवाद उपयोगी पडते. मराठीने 'ॲ' आणि 'ऑ' ही चिन्हे आत्मसात केली असल्याने तिची स्थिती काहीशी बरी आहे. 'बेंझीन' मधील ध्वनीसाठी 'झ' वापरण्याची सोयही मराठीचीच.

देवनागरीचा खरा पेच निराळा आहे. या लिपीत व्यंजन आणि पुढील स्वर मिळून एक लेखनघटक बनतो. 'बेन्झ' आणि 'ॲल्डिहाइड' एकत्र लिहिताच 'झा' हा एक घटक तयार होतो, आणि दोन पदांची सीमा त्याच्या पोटात जाते. रोमन लिपीत ती सीमा निदान दोन वर्णांच्या मध्ये राहते. 'डायऑक्साइड' मध्ये स्वरचिन्ह न वापरता पूर्ण स्वर लिहिण्याची रीत रूढ झाली, त्यामुळे तेथे पदसीमा दिसते. शब्दाच्या मध्यभागी असे दोन स्वर संस्कृतास जवळजवळ अमान्य होते. 'तितउ', 'प्रउग' यांसारखे मोजके शब्दच त्याला अपवाद. मराठीस मात्र 'घेऊन', 'बाई' यांची सवय असल्याने 'डायऑक्साइड' खटकले नाही. 'मिथाइलअमीन' की 'मिथाइलॅमीन' याबाबत मात्र अजून एकमत नाही. पहिले रूप पदे राखते, दुसरे बोलण्याजवळ जाते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने पहिले श्रेयस्कर होय. अकरावीत मराठी माध्यमातून इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या विद्यार्थ्याला पदे ओळखीची असतील, तर रोमन लिपीतील तेच नाव वाचताना त्याला आधार सापडतो.

औषधांच्या नावांत जोखीम

हा विषय केवळ लेखनशुद्धीचा नाही, हे औषधांच्या नावांवरून ध्यानात येते. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय सामान्य नावांची योजना १९५० मध्ये आरंभिली आणि तिची पहिली यादी १९५३ मध्ये निघाली. नाव लिहिण्यात व बोलण्यात वेगळे उठून दिसावे, हा तिचा पहिला दंडक. भाषाभाषांतील अडचणी टाळण्यासाठी रोमन लेखनात 'पीएच' ऐवजी 'एफ' आणि 'टीएच' ऐवजी 'टी' घ्यावे, असाही संकेत आहे. देवनागरीत या संकेताचे परिणाम विषम होतात. 'सेफालेक्सिन' ची दोन्ही रोमन रूपे देवनागरीत एकच ठरतात. परंतु 'इंडोमेथासिन' आणि 'इंडोमेटासिन' ही एकाच औषधाची रूपे थ आणि ट यांच्या भेदामुळे दोन औषधांसारखी भासतात.

याहून गंभीर स्थिती सारख्या आरंभाच्या नावांची. 'क्लोरप्रोमझीन' हे मनोविकारावरील औषध आहे, तर 'क्लोरप्रोपमाइड' हे रक्तातील साखर उतरविणारे. पहिल्याऐवजी दुसरे दिले गेले तर साखर धोकादायक पातळीखाली जाऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये अशा जोड्यांसाठी एक उपाय पुढे आणला. नावातील समान भाग लहान रोमन वर्णांत ठेवावा आणि भेद दाखविणारा भाग मोठ्या वर्णांत छापावा. हा उपाय म्हणजे नजरेसाठी केलेली अक्षरफोडच होय. भारतीय वैद्यक परिषदेनेही २०१६ मध्ये औषधांची सामान्य नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या रोमन वर्णांत लिहावीत अशी सुधारणा नियमांत केली. मात्र सगळेच नाव मोठ्या वर्णांत लिहिले की लहान-मोठ्या वर्णांतील भेदावर आधारलेला पहिला उपाय निरुपयोगी होतो.

देवनागरीत लहान-मोठे वर्ण नाहीत. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये वैद्यकाची तीन हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. त्यांत जीवरसायनशास्त्राचे एक होते. अशा पुस्तकांतून ही नावे आता देवनागरीत छापली जात आहेत. ठळक ठसा, संयोगचिन्ह किंवा पदांमधील सूक्ष्म अंतर यांपैकी काही वापरून 'क्लोरप्रो-मझीन' आणि 'क्लोरप्रो-पमाइड' असा भेद दाखविता येईल. परंतु संयोगचिन्हाला रासायनिक नावांत आधीच दुसरे काम आहे. ते स्थानांक आणि पद यांना जोडते, व ओळीच्या शेवटी नाव तुटल्यास ते चिन्ह नावाचे की ओळीचे, हे वाचणाऱ्यास ठरविता येत नाही. ठळक ठसा हस्तलिखित चिठ्ठीत उतरत नाही. राहता राहिले पूर्ण स्वर लिहून सीमा दाखविण्याचे 'डायऑक्साइड' चे वळण, पण ते केवळ स्वराने आरंभ होणाऱ्या पदांपुरतेच चालते, आणि उपरोक्त दोन्ही औषधांच्या नावांत भेद दाखविणारा भाग व्यंजनाने सुरू होतो.